शेजारचे थोदोरोस आजोबा आणि आमचे देवदत्त बाबा : एका नावाची चौकशी

प्राची_मेलबर्न (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

बाबा सध्या सहा महिन्यांसाठी आमच्याकडे मेलबर्नला आलेत. आई गेल्यानंतरची ही त्यांची पहिलीच फेरी. दुपारी आम्ही दोघं कामावर, लेक शाळेत आणि बाबा मागच्या अंगणात खुर्ची टाकून एकटेच बसलेले. कुंपणापलीकडे एक ग्रीक आजोबा राहतात. साठच्या दशकात बोटीने इथे आले, आता ८६ वर्षांचे आहेत. दोघांचंही इंग्रजी बेताचं. तरी पंधरा दिवसांत कुंपणावरून तिकडची लिंबं-टोमॅटो आणि इकडची थालीपिठं अशी ये-जा सुरू झाली.

मागच्या शनिवारी सकाळी आजोबा एक ताटली घेऊन दारात उभे. शिजवलेले गहू, वर पिठीसाखरेचा थर, त्यावर डाळिंबाचे दाणे, बेदाणे आणि सोललेले बदाम. छातीवर हात ठेवून म्हणाले, "आज माझ्या नावाचा सण." नाव थोदोरोस. बाबांनी नेहमीच्या सवयीने नावाचा अर्थ विचारला. आजोबांनी आधी आभाळाकडे बोट केलं, मग दोन्ही हातांची ओंजळ पुढे धरली. माझी लेक मध्ये उभी होती, ती म्हणाली, "आबा, देवाने दिलेलं."

बाबा थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग त्यांनीही छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "मी पण तोच. देवदत्त."

त्या दिवसापासून त्यांनी माझ्यामागे लकडा लावलाय. हे नाव आलं कुठून, कोणाकोणाचं होतं, आपल्या देवदत्ताशी त्याचं काही नातं आहे की नुसता योगायोग? 'तुझ्या त्या मराठी मंडळींना विचार,' म्हणाले. ते शेजारी बसून वाचणार आहेत, तेव्हा हातचं न राखता लिहा. मला एवढंच माहीत आहे की थिओडोर, थिओडोरा, रशियन फ्योदोर ही सगळी एकाच घरची नावं.

---

भाषाभिक्षू

प्राची, बाबांना नमस्कार सांगा. प्रश्न फार गोड आहे.

थेओस म्हणजे देव, दोरोन म्हणजे देणगी. दोन्ही मिळून थेओदोरोस, तुमच्या आजोबांचं थोदोरोस. यातल्या दुसऱ्या पदाचं आपल्याशी सख्खं नातं आहे. 'दोरोन'मधला धातू आणि आपला 'दा' (दान, दाता, दत्त) एकाच मुळापासून आलेत. लॅटिनमधला 'दोनुम'ही तिथलाच.

पहिल्या पदाबाबत मात्र फसायला होतं. 'थेओस' आणि 'देव' हे शब्द ऐकायला जवळचे वाटतात, पण त्यांची मुळं वेगळी आहेत. आपल्या 'देव'चा खरा भाऊबंद लॅटिन 'देउस', आणि ग्रीकमध्ये त्याच घरातला आहे 'झेउस', म्हणजे आपला द्यौस्. झेउसची षष्ठी 'दिओस' होते. म्हणून शब्दाला शब्द लावून देवदत्ताचा ग्रीक जुळा शोधायचा तर तो 'दिओदोरोस', झेउसने दिलेला. अर्थाने मात्र थेओदोरोस म्हणजेच देवदत्त, यात काही शंका नाही.

लोक हे नाव ख्रिस्ती समजतात. ते ख्रिस्ताच्या कित्येक शतकं आधीचं आहे. ग्रीकांना ज्या देवाकडून मूल मिळालं असं वाटे त्याचं नाव घेऊन पुढे 'दोरोस' जोडत: अपोलोदोरोस, अथेनोदोरोस, इजिप्तच्या इसिस देवीवरून इसिदोरोस, सूर्यावरून हेलिओदोरोस. एका देवाचं नाव घ्यायचं नसेल तेव्हा नुसतं थेओदोरोस. पुढे ख्रिस्ती लोकांनाही हे नाव जसंच्या तसं चाललं, कारण त्यात कुठल्याच देवाचं नाव नव्हतं. मला वाटतं, हे नाव इतकं टिकलं ते यामुळेच.

इ.स.पूर्व सहाव्या शतकात सामोस बेटावर एक थेओदोरोस होता. शिल्पकार, वास्तुकार, धातूचं ओतकाम करणारा. सामोसचा राजा पॉलिक्रातिस याची पाचूची अंगठी त्याने घडवली होती. राजाचं नशीब फार जोरावर, त्याला दृष्ट लागू नये म्हणून त्याने आपली सर्वांत आवडती वस्तू, म्हणजे हीच अंगठी, भर समुद्रात टाकली. काही दिवसांनी एका कोळ्याने भला मोठा मासा नजर केला आणि त्याच्या पोटात ती अंगठी निघाली. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने हे सविस्तर लिहून ठेवलंय.

आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या किरेने या ग्रीक शहरात दोन थेओदोरोस होऊन गेले. एक गणिती. ३ पासून १७ पर्यंतच्या संख्यांची वर्गमुळं (४, ९, १६ सोडून) अपूर्णांकात मांडता येत नाहीत हे तो शिष्यांना एकेक करून दाखवत असे. दुसरा तत्त्वज्ञ, त्याला लोक 'नास्तिक थेओदोरोस' म्हणूनच ओळखत. आईबापांनी देवाची देणगी म्हटलं आणि इतिहासाने नास्तिक म्हटलं, दोन्ही नावं आजवर शेजारी शेजारी राहिलीत.

बाबांसाठी एक खास गोष्ट. पतंजलीच्या महाभाष्यात, म्हणजे संस्कृत व्याकरणावरच्या ग्रंथात, उदाहरणासाठी माणूस लागला की तो बहुतेक वेळा देवदत्त नाहीतर यज्ञदत्त असतो. नाव अर्धं तोडून हाक मारता येते, हे सांगतानाही तो 'देवदत्त'चं 'दत्त' हेच उदाहरण देतो. आणि काशिका या दुसऱ्या व्याकरणग्रंथात या नावाची फोड आहे 'देवा एनं देयासुः', देवांनी याला द्यावं. म्हणजे हे नाव मुळात आशीर्वाद आहे.

---

रानवारा

माशाच्या पोटातली अंगठी! थेट शकुंतलेची मुद्रिका आठवली. धागा सुंदर, वाचतेय.

---

प्राची_मेलबर्न

भाषाभिक्षू, 'दत्त' वाचून बाबा हसले. त्यांना घरात सगळे दत्ताच म्हणायचे, आईसुद्धा. ग्रीक आजोबांची बायको त्यांना थोदोरी अशी हाक मारते.

---

शिलालेखवेडा

आता माझी पाळी. वर हेलिओदोरोसचं नाव आलंय, त्याला भेटायला बाबांना ग्रीसला जायची गरज नाही. मध्य प्रदेशात विदिशाजवळ बेसनगरला जा. तिथे एक दगडी खांब आहे. गावातले लोक पिढ्यानपिढ्या त्याला 'खाम बाबा' म्हणून पूजत आले. शेंदराची पुटं चढून चढून खांबाचा दगड दिसेनासा झाला होता. १८७७ मध्ये इंग्रज पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम तिथे आले, खांब न्याहाळून गेले, पण शेंदराखाली अक्षरं आहेत हे त्यांना कळलं नाही. १९०९ मध्ये शेंदूर काढल्यावर ब्राह्मी लिपीतला लेख बाहेर आला. सुरुवात अशी:

"देवदेवस वासुदेवस गरुडध्वजे अयं कारिते"

देवाधिदेव वासुदेवाचा हा गरुडध्वज उभारला. कोणी? "हेलिओदोरेण भागवतेन दियस पुत्रेण तखसिलाकेन योनदूतेन". भागवत हेलिओदोराने. दियाचा, म्हणजे दिओनचा मुलगा, तक्षशिलेचा रहिवासी, यवनांचा, म्हणजे ग्रीकांचा, दूत. अंतलिकित राजाकडून तो विदिशेच्या भागभद्र राजाच्या दरबारी आला होता. काळ साधारण इ.स.पूर्व ११३. त्याच्या मागेपुढेच पतंजलीने 'अरुणद् यवनः साकेतम्', यवनाने साकेताला (अयोध्येला) वेढा घातला, असं लिहिलं होतं. एकीकडे वेढे चालू आणि दुसरीकडे एक यवन वासुदेवाचा भक्त होऊन स्वतःला 'भागवत' म्हणवतो. खाली आणखी दोन ओळी आहेत: दम, त्याग आणि अप्रमाद ही तीन अमृतपदं नीट आचरली तर स्वर्गाला नेतात.

मी २०११ मध्ये तिथे गेलो होतो. आसपास गव्हाची शेतं, खांबाभोवती लोखंडी कठडा. खालचा भाग अष्टकोनी, वर गेला की सोळा बाजू, आणखी वर बत्तीस, मग गोल. लेख खालच्या अष्टकोनी भागावर आहे. अक्षरांवर सकाळचं तिरपं ऊन पडलं की ती बोटाने गिरवावीत इतकी स्पष्ट दिसतात. 'हेलिओदोरेण' सापडलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

आता बाबांनी खुर्ची जरा पुढे ओढून घ्यावी. लेख उजेडात आल्यावर १९१३ ते १९१५ या काळात तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन झालं. ते करणारे पुरातत्त्वज्ञ म्हणजे आपले डॉ. रा. गो. भांडारकरांचे चिरंजीव, डी. आर. भांडारकर. 'डी' म्हणजे देवदत्त! देवदत्त रामकृष्ण भांडारकर. हेलिओदोरोसच्या खांबाचा पाया उघडून पाहणारा माणूस देवदत्त होता. पुढे १९६३ ते १९६५ मध्ये पुन्हा खणलं तेव्हा खांबापेक्षाही जुन्या, लंबवर्तुळाकार देवळाचा पाया मिळाला. वासुदेवाच्या इतक्या जुन्या देवळाचा पुरावा फार थोड्या ठिकाणी आहे.

---

सह्यभटका

शिलालेखवेडा, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका हो.

अवांतर: दादर टीटीचं खोदादाद सर्कल. 'खोदादाद' म्हणजेही देवाने दिलेला. तीस वर्षं तिथे बस बदलतोय, आज अर्थ लागला.

---

अनघा_वसई

प्राची, त्या गव्हाच्या ताटलीबद्दल लिहायलाच हवं. त्याला कोलिवा म्हणतात. मी काही वर्षं अथेन्समध्ये नोकरीला होते, तेव्हा घरमालकीणबाई ते करायच्या. गहू आदल्या रात्री भिजवायचे, सकाळी दाणा फुलेपर्यंत शिजवायचे, पण फुटू द्यायचे नाहीत. मग सुती कापडावर पसरून रात्रभर कोरडे करायचे, नाहीतर वरची साखर ओली होते. दालचिनी, तीळ, अक्रोड, डाळिंब. आपली गव्हाची खीर आठवते, फक्त ही सुकी.

तो शनिवार ईस्टरआधीच्या ग्रीक उपासकाळातला पहिला शनिवार, संत थेओदोरोस तिरोन यांचा. तिरोन म्हणजे नवा भरती झालेला शिपाई. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला आजच्या तुर्कस्तानात अमासिया इथे, देवतांना बळी द्यायला नकार दिला म्हणून त्यांना जाळून मारलं. पुढे रोमन सम्राट जुलियनने (राज्यकाळ ३६१ ते ३६३) जुना धर्म परत आणायचा प्रयत्न केला. कथा अशी की त्याने उपासाच्या आठवड्यात बाजारातल्या सगळ्या अन्नावर बळीचं रक्त शिंपडायला सांगितलं. तेव्हा संत थेओदोरोस कॉन्स्टँटिनोपलच्या (आजच्या इस्तंबूलच्या) धर्माध्यक्षांच्या स्वप्नात आले आणि म्हणाले, बाजारातलं काही घेऊ नका, घरातले गहू शिजवून खा. त्याची आठवण म्हणून आजही कोलिवा.

आणि हेच गहू ग्रीक लोक गेलेल्या माणसांच्या नावाने करतात. पेरलेला दाणा मातीत जातो तेव्हाच उगवतो, ही त्यामागची भावना. थेओदोरोसांचा शनिवार हा मृतांच्या स्मरणाचाही शनिवार असतो. पाद्री घराघरातून आलेल्या चिठ्ठ्यांवरची नावं वाचत जातो. तुझ्या आजोबांनी ती ताटली आणली त्यात त्यांची स्वतःची माणसंही होती, हे बाबांना सांग.

ग्रीकांमध्ये वाढदिवसापेक्षा नावाचा दिवस मोठा. आमंत्रण लागत नाही, घर उघडं असतं, येणारा 'ख्रोनिया पोल्ला' म्हणतो, म्हणजे खूप वर्षं लाभोत. आणि पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव. आमच्या वसईतल्या घरातही तसंच चालत आलंय. पेशव्यांचं बघा ना: बाळाजी विश्वनाथ, त्यांचे बाजीराव, त्यांचे पुन्हा बाळाजी.

आमच्या बायबलमधला मत्तय हा मूळ हिब्रूत 'यहोवाची देणगी' आणि नथनेल म्हणजेही 'देवाने दिलं'. लॅटिनमध्ये अदेओदातुस, संत ऑगस्टिन यांच्या मुलाचं नाव. तो कोवळ्या वयातच गेला. गोव्यात ते नाव पोर्तुगीजमधून आलं. कवी अदेओदातो बार्रेतो मडगावचे, १९०५ चा जन्म. शिकायला पोर्तुगालमध्ये कोइंब्राला गेले, तिथे हिंदी संस्कृतीबद्दल भरभरून लिहिलं आणि १९३७ मध्ये तिथेच वारले. जेमतेम एकतीस वर्षांचे होते.

---

रमाईचा_लेक

धागा वाचतोय आणि एक मनातलं लिहितो. कोणाला दुखवायचं नाही, काकांना तर मुळीच नाही.

आमच्या बौद्ध घरांत देवदत्त हे नाव सहसा ठेवत नाहीत. देवदत्त म्हणजे तथागतांचा चुलत भाऊ, ज्याने संघात फूट पाडली, त्यांच्यावर दगड लोटला, हत्ती सोडला. लहानपणी विहारात ही गोष्ट ऐकली की नावाचीच भीती वाटायची. नोकरीत माझे पहिले साहेब देवदत्त नावाचे होते आणि त्यांच्याइतका सरळ माणूस मी पाहिला नाही. तेव्हापासून मनात आहे, या नावाची दुसरी बाजू कुठे असेल का?

---

शिलालेखवेडा

दादा, आहे. आणि ती नेमकी या धाग्यातल्या नावाची आहे.

स्वात खोऱ्यात, म्हणजे आजच्या पाकिस्तानात, मऊ दगडाचं एक अस्थिपात्र मिळालं. त्यावर खरोष्ठी लिपीत लेख आहे. 'थेउदोर' नावाच्या 'मेरिदर्ख'ने भगवान शाक्यमुनींच्या या अस्थींची स्थापना बहुजनांच्या भल्यासाठी केली, असा त्याचा अर्थ. मेरिदर्ख म्हणजे ग्रीक मेरिदार्खेस, एखाद्या विभागाचा अधिकारी, आपल्याकडचा प्रांताधिकारी म्हणा. थेउदोर म्हणजे थेओदोरोस.

भाषाभिक्षूंनी वर सांगितलंच आहे की अर्थाने थेओदोरोस म्हणजे देवदत्त. तर दोन हजार वर्षांपूर्वी एका यवन देवदत्ताने बुद्धांच्या अस्थी आदराने ठेवल्या आणि स्वतःसाठी काही न मागता लोकांचं भलं मागितलं. तुमच्या साहेबांची बाजू ही.

आणखी एक थैदोर त्याच भागात काळदर्रा इथल्या लेखात आहे. दतिचा मुलगा. त्याने सगळ्या सर्पांच्या पूजेसाठी पुष्करणी बांधली, त्या लेखावर संवत् ११३ आहे. नाव ग्रीक, बापाचं नाव स्थानिक वळणाचं, आणि पूजा नागांची.

---

रमाईचा_लेक

शिलालेखवेडा, जयभीम. हे आज घरी वाचून दाखवणार. साहेब आता निवृत्त आहेत, त्यांनाही पाठवतो.

---

भाषाभिक्षू

वरच्या लेखातला 'थ' बघा. आजचे ग्रीक थीटा हे अक्षर जीभ दातांमध्ये धरून, वारा सोडून उच्चारतात. प्राचीन ग्रीकमध्ये मात्र तो आपल्यासारखा महाप्राण 'थ' होता. म्हणून खरोष्ठी लिहिणाऱ्याला अडलं नाही, त्याच्याकडे ते अक्षर तयार होतं. रशियनांकडे पोचेपर्यंत तो वारा 'फ' झाला आणि थेओदोरचा फ्योदोर.

एक खबरदारी. थिओडोरिक हे जर्मानिक नाव, 'लोकांचा राजा' अशा अर्थाचं. इंग्लंडच्या ट्यूडर घराण्याचं नावही वेल्श आहे. दोघंही दिसायला सारखे, पण या घरचे नाहीत.

---

निवृत्त_सॅपर

मी खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर दलात होतो. आमच्या पलटणीच्या युद्धसन्मानांच्या यादीत 'अ‍ॅबिसिनिया', म्हणजे आजचा इथिओपिया, हे नाव आहे. रिक्रूट असताना पाठ केलं होतं, ते कोणाविरुद्ध लढलो हे मात्र फार उशिरा वाचलं. तो राजा याच नावाचा: सम्राट तेवोद्रोस दुसरा. इथिओपियात थेओदोरोसचा तेवोद्रोस होतो.

त्याचं जन्मनाव कासा. तेवोद्रोस नावाचा राजा येईल आणि न्यायाचं, सुखाचं राज्य करील असं एक जुनं भाकीत इथिओपियात होतं. १८५५ मध्ये गादीवर बसताना त्याने ते नाव स्वतः घेतलं. तुकड्यातुकड्यांत वाटलेला देश त्याला एकत्र करायचा होता, शस्त्रं देशातच ओतायची होती. इंग्लंडच्या राणीला पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही. तेव्हा त्याने इंग्रज सरकारचे दूत आणि काही युरोपीय लोक कैदेत टाकले.

मोहीम निघाली ती मुंबईहून. सेनापती नेपियर, मुंबई फौजेचे सरसेनापती. सुमारे १३,००० सैनिक, त्यांच्या दुपटीने बाजारबुणगे आणि हमाल, आणि अवजड तोफा वाहायला ४४ हत्ती जहाजांत घालून तांबड्या समुद्रावर नेले. किनाऱ्यापासून मगदाला गडापर्यंत सुमारे ६५० किलोमीटर डोंगराळ वाट. रस्ता फोडण्याचं, पाणी काढण्याचं काम सॅपर्सचं. आपल्याकडची किती माणसं त्या वाटेवर सुरुंग लावत गेली असतील.

१३ एप्रिल १८६८ ला गड पडला. तेवोद्रोसने शरण न जाता पिस्तूल तोंडात धरून जीव दिला. ते पिस्तूल राणी व्हिक्टोरियानेच पूर्वी भेट म्हणून पाठवलेलं. गडावरची हस्तलिखितं, मुकुट, पूजेच्या वस्तू लुटल्या गेल्या. त्याच्या सात वर्षांच्या मुलाला, अलेमायेहूला, इंग्लंडला नेलं. तो १८७९ मध्ये अठरा वर्षांचा असताना गेला, विंडसरला पुरलाय.

इथिओपियात आज तेवोद्रोस हे नाव अभिमानाने ठेवतात. आमच्या यादीतला तो सन्मान वाचताना मला दोन्ही बाजू आठवतात. सुरुंग लावणारा माझा पूर्वसुरी आणि गडावरचा तो माणूस.

---

रानवारा

सॅपरकाका, हे वाचून गप्प व्हायला झालं.

कोणीतरी थिओडोरांबद्दल लिहा ना. बायकांची नावं मागे पडलीत.

---

अनघा_वसई

रानवारा, बरोबर आहे, माझ्याकडूनच राहिलं.

सम्राज्ञी थिओडोरा. बाप कॉन्स्टँटिनोपलच्या शर्यतीच्या मैदानात अस्वलं सांभाळणारा. बाप लवकर गेला, आई मुलींना घेऊन लोकांपुढे उभी राहिली, ही नाटकात कामं करायला लागली. तिच्याशी लग्न करता यावं म्हणून कायदा बदलला गेला आणि ५२७ मध्ये ती सम्राट जस्टिनियनच्या बरोबरीने गादीवर बसली. ५३२ मध्ये शहर पेटलं, दंगेखोर राजवाड्याच्या दारात, नवरा आणि दरबारी बोटीतून पळायच्या तयारीत. तेव्हा ती उभी राहून म्हणाली की राजवस्त्रासारखं कफन नाही, मी इथून हलणार नाही. हे शब्द त्या काळच्या प्रोकोपियस या इतिहासकाराने लिहून ठेवलेत, आणि त्याच माणसाने तिच्याबद्दल दुसरीकडे गलिच्छ लिहिलंय, हेही ध्यानात ठेवावं. इटलीतल्या रावेन्नाच्या चर्चमधल्या रंगीत काचखड्यांच्या चित्रात ती सोन्याचं पात्र धरून उभी आहे. डोळे मोठे, थकलेले. मी त्या चित्रापुढे अर्धा तास बसले होते.

दुसरी थिओडोरा, तीही तिथलीच सम्राज्ञी, ८४३ मधली. मूर्तिभंजक नवऱ्याच्या हयातीत घरात लपवून ठेवलेल्या पवित्र चित्रांना तिने पुन्हा देवळात आणलं. आजही ग्रीक चर्च उपासातल्या पहिल्या रविवारी तो दिवस साजरा करतं. म्हणजे शनिवारी थेओदोरोस आणि दुसऱ्या दिवशी थिओडोराची आठवण.

---

चिमणीची_आई

नाव उलटं केलं की दोरोथिया, त्याची डोरथी, तिचं लाडाचं डॉली, आणि इंग्रजीतला 'डॉल' तिथूनच आला. शिवाय अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०२ मध्ये शिकारीला गेले, बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला नाही म्हणाले, त्याचं व्यंगचित्र छापून आलं आणि खेळण्यातलं अस्वल 'टेडी' झालं. टेडी म्हणजे थिओडोरच. माझ्या दोन वर्षांच्या लेकीच्या पाळण्यात बाहुली आणि टेडी शेजारी शेजारी झोपतात.

---

नाशिकची_मैत्रेयी

खांब झाला, अस्थिपात्र झालं, आता आमची पांडवलेणी. सतरा नंबरच्या लेण्यात यवनाचा लेख आहे: "ओतराहस दातामितियकस योणकस धंमदेवपुतस इंद्राग्निदतस". उत्तरेकडचा, दत्तामित्री गावचा, धर्मदेवाचा मुलगा, यवन इंद्राग्निदत्त. आईवडिलांसाठी त्याने त्रिरश्मी डोंगरात हे लेणं, आत चैत्य आणि पाण्याची टाकी खोदवली आणि भिक्षुसंघाला दिलं. बरोबर मुलगा धम्मरक्षितही आहे.

नाव बघा: इंद्र आणि अग्नी यांनी दिलेला. बाप धर्मदेव, मुलगा धम्मरक्षित. तीन पिढ्यांत एकही ग्रीक नाव नाही, पण स्वतःला यवन म्हणवतो. दत्तामित्री हे गाव देमेत्रिओस राजाच्या नावावरून पडलं असावं असं अभ्यासक मानतात. मला दर वेळी वाटतं की घराण्यात पूर्वी कोणी 'दोरोस' असेल, त्याचं इथल्या भाषेत 'दत्त' झालं असेल. पुरावा काही नाही, मनातलं सांगितलं. त्याच डोंगरावर दहा नंबरच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात आहे, म्हणजे ऋषभदत्त. तोही दत्तच.

---

प्राची_मेलबर्न (धागाकर्ती)

काय लिहू. चार दिवस रोज रात्री जेवणं झाल्यावर बाबांना एकेक प्रतिसाद वाचून दाखवला. देवदत्त भांडारकरांचा परिच्छेद त्यांनी दोनदा वाचायला लावला. रमाईचा लेक, तुमचा प्रतिसाद वाचल्यावर म्हणाले, "त्या मुलाने खरं लिहिलं, त्याला माझा आशीर्वाद कळव."

अनघाताई, मृतांच्या शनिवाराचं सांगितलं तेव्हा ते उठून अंगणात गेले. दुसऱ्या दिवशी मला गहू आणायला लावले. गूळ-खोबरं घालून खीर केली, आईच्या पद्धतीची, जायफळ जरा जास्त. आम्ही ती कुंपणावरून दिली. आजोबांनी वास घेतला, आत जाऊन बायकोला बोलावून आणलं आणि दोघांनी तिथेच उभ्याने खाल्ली.

मग कागद-पेन्सिल आली. आजोबांनी बाबांचं नाव ग्रीकमध्ये लिहायला घेतलं आणि अडले. त्यांच्या दे‍ल्ताचा उच्चार आता आपल्या 'द'सारखा होत नाही, तो पार मऊ झालाय. आपला 'द' लिहायचा तर 'न' आणि 'त' शेजारी शेजारी लिहावे लागतात. देवदत्तमध्ये असं दोनदा करावं लागलं, नाव ओळभर लांब झालं. बाबांनी खाली देवनागरीत 'थेओदोरोस' लिहिलं आणि 'थ'वर बोट ठेवून आजोबांना बराच वेळ काहीतरी समजावत होते, मराठीत.

नाशिकची मैत्रेयी, बाबा ऑक्टोबरमध्ये परत येतायत. सतरा नंबरच्या लेण्यापर्यंत गुडघेदुखीवाल्या माणसाला जाता येईल का?

---

नाशिकची_मैत्रेयी

येईल. पायऱ्या आहेत, पण चढ मध्यम आहे आणि मध्ये टेकायला सावली मिळते. सकाळी लवकर यावं, हातात काठी असू द्यावी. मी बरोबर येईन. लेख ओसरीत आहे, मी त्यांना अक्षरं दाखवीन.